यवतमाळ ते बंगलोर, प्रत्यक्ष मोजणी

आम्ही एक तास अडतीस मिनिटांनी नापास झालो. निकाल आधीच सांगून टाकतो. आमच्या घरात निकाल लपवून ठेवला की त्याचा जास्त त्रास होतो.

आता हे विसरा. कारण कागदोपत्री तो प्रवास झालेलाच नाही. त्या बुधवारी मी आणि बाबा यवतमाळात आपल्या घरी होतो. बाबा पेपर वाचत होते आणि मी काहीच करत नव्हतो, जे मी तेव्हा रोजच करायचो. विमानात शेजारी बसलेल्या एका गृहस्थांची सही आमच्याकडे आहे, पण ती त्यांनी हवेत केलेली असल्यामुळे तिला जागेचा पुरावा म्हणता येत नाही.

तर, रसिकाताई बंगलोरहून चार दिवसांच्या सुट्टीवर आली होती. जेवता जेवता तिने आपला मोबाइल बाबांच्या ताटाशेजारी ठेवला.

"वाचा."

बाबांनी हात धुतला, चष्मा लावला. दोन गावांची नावं टाकली की त्यांच्यातलं अंतर सांगणारी कुठलीशी वेबसाइट होती ती. "यवतमाळ ते बंगलोर," बाबा मोठ्याने वाचू लागले. "हवाई अंतर आठशे सव्वीस किलोमीटर. प्रवासाचा वेळ एक तास बत्तीस मिनिटं." त्यांनी चष्मा काढला. "यवतमाळहून विमान उडते?"

"नाही."

"मग हे एक तास बत्तीस मिनिटं कोण उडून राहिलं?"

"बाबा, ते सरळ रेषेत धरतात."

"कोणी मोजलं?"

हा प्रश्न बाबांनी आयुष्यभर विचारला. चौतीस वर्षं ते भूमी अभिलेख खात्यात होते. आधी भूकरमापक, शेवटी निमतानदार. एकाने शेत मोजलं आणि ते मालकाला पटलं नाही, तर ते पुन्हा मोजायला जो जातो तो निमतानदार. थोडक्यात, दुसऱ्याच्या मोजणीवर विश्वास न ठेवण्याबद्दल सरकार त्यांना पगार देत होतं. निवृत्तीनंतर पगार थांबला, अविश्वास सुरू राहिला. आमच्या मामाने स्वतःची उंची पाच फूट आठ इंच सांगून लग्न केलं होतं. बाबांनी त्याला वीस वर्षांनी दाराच्या चौकटीला टेकवून उभं केलं. पाच फूट साडेसहा इंच निघाली. मामी अजून बाबांना वाकून नमस्कार करते.

ताईला अभिनव देवतळेशी लग्न करायचं होतं. मुलगा मूळचा वरोऱ्याचा, ताईच्याच कंपनीत. पत्रिका, पगार, चष्म्याचा नंबर, सगळं बाबांनी मंजूर केलं होतं. अडलं होतं फक्त बंगलोर. नोकरीपुरतं बंगलोर त्यांना चालत होतं, कारण नोकरी सुटते. लग्न म्हणजे कायमची हद्द. आणि हद्दीबद्दल त्यांची एकच अट होती. मुलीचं घर आपल्या दारापासून तिच्या दारापर्यंत आठ तासांच्या आत पाहिजे.

"आठच काहून?" मी विचारलं. "साडेआठ का नाही?"

"आठ."

"नऊला पंधरा मिनिटं कमी?"

"तू जेव."

ताई मात्र खूश होती. तिने बोटांवर हिशोब केला. नागपूरपर्यंत तीन, विमानतळावर एक, विमानात दीड, पुढे एक. साडेसहा. "दीड तास तर उरतात बाबा. मध्ये झोप काढाल."

"हा अंदाज झाला."

"मग काय करायचं?"

"मोजायचं," बाबा म्हणाले आणि उठून आतून छापील फॉर्म घेऊन आले. निवृत्त झालेल्या माणसाकडे खात्याचे फॉर्म कसे, हे आम्ही कधी विचारलं नाही. त्यांनी अर्जदाराच्या रकान्यात ताईचं नाव लिहिलं, पंचाच्या रकान्यात माझं. पुढच्या बुधवारी ते स्वतः घरातून निघून तिच्या दारापर्यंत जाणार, पंच सोबत असणार, आणि येणारा आकडा दोन्ही बाजूंवर बंधनकारक राहणार.

आई पोळी लाटता लाटता बाहेर आली. "लिहून काहून घेता? पोरगी आहे का सातबारा?"

"लिहिलेलं नसलं की लोक बांध सरकवतात."

"बंगलोर कोण सरकवते बाप्पा?"

ताईने सही केली. वर म्हणाली, "आठच्या वर गेलं तर मीच अभिनवला नाही सांगते." साडेसहाच्या भरात बोलली. रविवारी देवतळे मंडळी बोलणी करायला यायची होती, त्याआधी मोजणीचा निकाल हातात असणार होता. मग तिने मला स्वयंपाकघरात गाठलं. "गाडी हळू चालली तर ड्रायव्हरच्या पायावर पाय दे."

"मी पंच आहे. निःपक्षपाती."

"तुझ्या बारावीच्या गुणपत्रिकेबद्दल बाबांना अजून काही माहीत नाही."

मी पक्षपाती झालो.

बुधवारी सकाळी सहा वाजून पाच मिनिटांनी बाबांनी फाटकाला हात लावला आणि म्हणाले, "लिही." आई दारात उभी राहून पाहत होती. तिने दही ठेवलं नाही हातावर. म्हणाली, यांच्या मोजणीला दही कशाला, त्यात तीस सेकंद जातील.

नागपूरच्या वाटेवर काहीच झालं नाही आणि ते फार चांगलं झालं. नऊ वाजता आम्ही विमानतळावर होतो. दोन तास पंचावन्न मिनिटं. मी ताईला मेसेज टाकला. तिने उलट तीन हसरे चेहरे पाठवले. विमान पावणेअकराला सुटणार होतं. तुम्हाला वाटेल, आता काय बिघडणार. तुम्ही बाबांची पिशवी पाहिलेली नाही.

पिशवीत ओळंबा होता. पितळी, पाव किलोचा, खाली अणकुचीदार. मोजणीला निघताना तो बरोबर नसेल तर आपलं खात्यातलं नाव धुळीला मिळेल, असं त्यांना वाटत होतं. तपासणीच्या पट्ट्यावरून तो पलीकडे गेला आणि एका जवानाने तो उचलून दिव्याकडे धरला.

"ये क्या है?"

"ओळंबा."

"काम क्या है इसका?"

"इससे पता चलता है कि चीज सीधी है के नहीं."

जवानाने आधी ओळंब्याकडे, मग बाबांकडे, मग माझ्याकडे पाहिलं. मी सीधा नव्हतो. मी घामाघूम होतो. त्याने शांतपणे सांगितलं की ही टोकदार वस्तू विमानात जाणार नाही, इथेच सोडावी लागेल. तो अगदी बरोबर होता. बाबाही मान्य करून मोकळे झाले. त्यांनी फक्त पावती मागितली. पावती मिळत नसते हे कळल्यावर ते म्हणाले, मग पंचनामा करू.

"बाबा, चला."

"वस्तू ताब्यात गेली की पंचनामा पाहिजे."

"आपलं घड्याळ चालू आहे."

"म्हणूनच पटकन लिही. पितळी ओळंबा, एक नग, वापरलेला."

एकवीस मिनिटं. आमच्या मागे लहान बाळ घेऊन एक बाई उभ्या होत्या, त्यांनीही सही केली. बाळाचा अंगठा बाबांनी घेतला नाही. अज्ञान आहे म्हणाले.

मग विमानालाच चाळीस मिनिटं उशीर झाला. कुणाचीच चूक नव्हती. समोरची पाटी शांतपणे आकडे बदलत होती आणि मी खुर्चीवर बसून स्वतःच्या पायावर पाय देत होतो. बाबांनी रकाना आखला आणि त्यात लिहिलं, "थांबणे."

विमानात बाबा मधल्या खुर्चीवर, मी खिडकीशी. पलीकडे टायर विकणारे एक गृहस्थ होते, हुबळीचे. उड्डाण झाल्यावर बाबांनी त्यांच्यासमोर फॉर्म धरला आणि हिंदीत समजावलं की मोजणीच्या वेळी लगतधारकाची सही लागते.

"लगतधारक?"

"बाजूवाला."

गृहस्थांनी अख्खा फॉर्म वाचला. मग मला म्हणाले, "ये आपके फादर हैं?" त्यांच्या आवाजात सहानुभूती होती. मी खिडकीबाहेर पाहिलं. त्यांनी सही केली आणि पुढचा सगळा प्रवास झोपल्याचं नाटक केलं. मी त्या माणसाला मनातल्या मनात काका म्हणायला लागलो होतो.

बंगलोरला उतरून बाहेर यायला दीड वाजला. सात तास पंचवीस मिनिटं. पस्तीस मिनिटं शिल्लक होती आणि ताईचं घर शहराच्या पार दुसऱ्या टोकाला होतं. टॅक्सीत बसताना मी ड्रायव्हरला विचारलं, किती वेळ लागेल. तो नुसता हसला. त्या हसण्यात बाबांना हवा असलेला आकडा मोजून ठेवलेला होता.

दोन वाजून पाच मिनिटांनी आठ तास संपले. आम्ही एका पुलाखाली उभे होतो. पुढे बस, मागे बस, उजवीकडे नारळांनी भरलेला टेम्पो. बाबांनी घड्याळाकडे पाहिलं, फॉर्मवर एक आडवी रेघ मारली आणि पेनाला टोपण लावलं. एवढंच.

दोन अकराला ताईचा फोन आला.

"कुठे आहात?"

"पुलाखाली."

"कुठल्या?"

"मला काय माहीत कुठल्या. जवळ नारळ आहेत."

"किती झाले?"

"आठ तास सहा मिनिटं."

"फोन स्पीकरवर टाक."

मी टाकला.

"बाबा," ती म्हणाली, "बंद करा ना ते घड्याळ."

"सुरू केलेली मोजणी मध्ये बंद करता येत नाही बेटा."

"मी सही केली म्हणून मी नाही सांगायचं का त्याला? खरंच?" तिचा आवाज फाटला. "आजवर एक गोष्ट मागितली का तुमच्याकडे? पुलाखाली बसून मोजताय तुम्ही मला. मोजा. मोजत बसा." आणि ती रडायला लागली. हुंदके देऊन, टॅक्सीभर. ड्रायव्हरने स्वतःहून रेडिओ बंद केला. मग फोन कटला.

"रडली ती?" बाबांनी विचारलं.

"ऐकू नाही आलं तुम्हाला?"

"किती वाजता?"

"काय?"

"किती वाजता रडली?"

इथे माझं डोकं सरकलं. मी बाबांशी कधी आवाज चढवून बोललो नव्हतो. एक तर हिंमत नव्हती, आणि दुसरं, ते आवाजही मोजतील असं वाटायचं. पण त्या दिवशी मी बोललो. म्हटलं, तिथे ती रडून राहिली आणि तुम्हाला वेळ पाहिजे. म्हटलं, तुम्हाला पोरगी नको, फॉर्म पाहिजे. म्हटलं, सगळ्या यवतमाळात आठ तासांची अट घालणारा बाप तुम्ही एकटे आहात, बाकीच्यांच्या पोरी अमेरिकेत आहेत आणि ते खुशाल झोपतात.

"किती वाजता बे?" बाबा म्हणाले.

"दोन अकरा."

त्यांनी टोपण काढून फॉर्मच्या समासात लिहिलं, दोन अकरा. टॅक्सी चार हात पुढे सरकली.

"तुझी कुसुमआत्या सिरोंच्याला दिली होती," ते म्हणाले. कुसुमआत्या मला फोटोतून माहीत. फोटोला हार. "एक्क्याऐंशी साल. पोस्टात फोन आला. वामनला पाठवा, कुसुम रडून राहिली. मी अंगावरच्या कपड्यानिशी निघालो. चंद्रपूर, मग अहेरी. अहेरीला बस नव्हती. एकतीस तास लागले."

"मग?"

"मग काय. पोचलो. तिने दार उघडलं. तोंड धुतलेलं, कुंकू लावलेलं. म्हणे, अरे, तू कसा काय सहज? चहा टाकला तिने. मी तीनदा विचारलं, काय झालं सांग. काही नाही म्हणे, तेव्हा जरा वाटलं होतं. मी चहा पिऊन परत आलो." बाबा नारळांकडे पाहत होते. "त्याच दिवाळीत तार आली."

ड्रायव्हरला मराठी येत नव्हतं, तरी त्याने आरशातून बाबांकडे पाहिलं.

"माणूस रडते तेव्हा त्याच्याजवळ सांगायला असते," बाबा म्हणाले. "ते टिकते आठ तास. मग माणूस तोंड धुते."

"आठ कुठून आणले?"

"अंदाज," ते म्हणाले.

हा शब्द दुसऱ्याला खोटं ठरवण्यासाठी ते रोज वापरायचे. स्वतःसाठी वापरलेला मी त्याच दिवशी ऐकला.

तीन वाजून त्रेचाळीस मिनिटांनी आम्ही ताईच्या दारात उभे होतो. नऊ तास अडतीस मिनिटं. जिन्यात अभिनव बसला होता, ऑफिसचा पट्टा गळ्यात. आम्हाला पाहून तो उभा राहिला, नमस्कार करू की नको या विचारात अर्धा वाकला आणि तसाच राहिला. बाबांनी बेल वाजवली.

ताईने दार उघडलं. तोंड धुतलेलं होतं. केस नीट बांधलेले, काजळ नवं.

"या बाबा," ती छान हसून म्हणाली. "दमला असाल. चहा टाकते."

बाबांचा चेहरा तसा मी पूर्वी कधी पाहिला नव्हता आणि त्याचं वर्णन करायची मला इच्छा नाही. त्यांनी उंबऱ्यावर हात टेकला.

"चहा नको."

"थोडा घ्या. आलं घातलेला."

"चहा नको म्हटलं ना. तू मघाशी काय म्हणत होतीस?"

"काही नाही हो. तेव्हा जरा वाटलं होतं."

"रसिका," बाबा म्हणाले, "भांड माझ्याशी."

"नाही बाबा, ठीक आहे. नापास तर नापास. सही केली आहे मी."

"सही गेली खड्ड्यात. भांड."

ताईने माझ्याकडे पाहिलं. मी पंच होतो, मला मत नव्हतं. तिने तोंड उघडलं, मिटलं. आणि मग सुरू झाली. सातवीत चिखलदऱ्याच्या सहलीला पाठवलं नाही, कारण बस सहा तास घेते, घाटात बंद पडली तर नऊ. पुण्याचं कॉलेज लागलं होतं ते सोडायला लावलं, त्या वेळच्या बाबांची नक्कल, आवाजासह. आईला माहेरी राहायला मिळणारे दिवस. माझं नाव दोनदा आलं, एकदा बारावीच्या गुणपत्रिकेसकट, त्याचं काही कारण नव्हतं. काजळ गालावर उतरलं. समोरच्या फ्लॅटचं दार उघडून बंद झालं. ती रडली, ओरडली, परत रडली आणि शेवटी म्हणाली, "मला हाच मुलगा पाहिजे आणि इथेच राहायचं आहे आणि तुम्ही पण पाहिजे आणि हे सगळं एका वेळेला पाहिजे." वीस मिनिटं लागली. बाबांनी सगळं उभ्याने ऐकून घेतलं. मला वाटतं, त्यांना बरं वाटत होतं.

ती थांबल्यावर ते चपलांच्या रॅकवर बसले आणि हात पुढे केला. मी फॉर्म दिला. त्यांनी शेऱ्याच्या रकान्यात सावकाश, वळणदार अक्षरात लिहिलं: "अर्जदार हजर. अपरिहार्य कारणास्तव मोजणी झाली नाही."

"बाबा," मी म्हणालो, "नऊ तास अडतीस मिनिटं."

"तू होतास का बरोबर?"

मी विचार केला. "नाही."

"मग सही कर."

चौतीस वर्षांत त्यांनी कुणाचा बांध एक वीतभर सरकवला नव्हता. त्यासाठी लोकांनी त्यांच्यावर विळे उगारले होते, एकदा कुत्रं सोडलं होतं. मी सही केली. खाली जागा उरली होती, तर बाबांनी जिन्याकडे पाहून हाक मारली, "अहो देवतळे, तुम्ही पण या. सरळ उभे राहा आधी."

लग्न झालं. याला अकरा वर्षं झाली. बाबा त्यानंतर पाच वेळा बंगलोरला गेले, ताई फोनवर रडली की त्याच दिवशी, मिळेल त्या विमानाने. पाचही वेळा बाबा पोचायचे तेव्हा अभिनव आणि ती शेजारी बसून टीव्ही पाहत असायचे. बाबा तरी आत शिरताच म्हणायचे, भांड. मग ती भांडायची, कशावरून तरी. अभिनवला आता त्याची सवय झाली आहे, तो तेवढ्यात दूध घेऊन येतो. तिकिटं मी काढतो. पिशवी मी तपासतो. वैताग माझ्या वाट्याला आहे.

गेल्या मंगळवारी तिचा परत फोन आला. बाबा आता चौऱ्याहत्तर वर्षांचे आहेत, उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आहे आणि डॉक्टरांनी महिनाभर खोलीच्या बाहेर पाय ठेवायला मनाई केली आहे. तरी ते पाच मिनिटांत कपडे घालून पलंगावर बसले, पायात बूट. मी नाही म्हणालो, आई नाही म्हणाली. ते बुटांसकट संध्याकाळपर्यंत तसेच बसून राहिले, घड्याळ मनगटावरून काढून हातात धरून. आठ तास झाल्यावर म्हणाले, "आता तोंड धुतलं असेल."

म्हणून मी खालील अर्ज केला आहे. पोच मिळालेली नाही.

*प्रति, माननीय अधीक्षक साहेब, भूमी अभिलेख.*

*विषय: मौजे बंगलोर जवळ आणण्याबाबत.*

*महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर की, अर्जदाराच्या बहिणीचे घर अर्जदाराच्या वडिलांच्या दारापासून विहित मर्यादेपेक्षा दूर असून वडिलांचा गुडघा दिवसेंदिवस जुना होत आहे. तरी बंगलोर शहर आहे त्या स्थितीत, रहिवाशांसह, यवतमाळ तालुक्याच्या हद्दीत घेऊन तसा फेरफार नोंदवण्यात यावा. सदर बाब आपल्या अखत्यारीत येत नसल्यास, वडील पोचेपर्यंत मुलीने तोंड धुऊ नये, असे निर्देश आपल्या स्तरावरून तत्काळ निर्गमित व्हावेत, ही नम्र विनंती.*